एक कीबोर्ड, एक माऊस, एक स्क्रीन आणि कॉम्प्युटर दोन



परवाच्या मीटिंगमध्ये मागच्या रांगेतून एक प्रश्न आला. "संस्थेनं नवीन कॉम्प्युटर घेतला म्हणता, मग ऑफिसात टेबलावर स्क्रीन एकच कशी? दुसरा सेक्रेटरीच्या घरी चालतोय की काय?" सगळे हसले, मीपण हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, प्रश्न काही चुकीचा नाही. पैसा सभासदांचा आहे, मासळीवर किलोमागं कापून जमलेला आहे. दुसरा कॉम्प्युटर कुठं आहे आणि एका स्क्रीनवर दोन कसे चालतात, हे सांगायलाच पाहिजे. आणि हे सांगताना माझ्या हातून झालेली एक चूकपण सांगणार आहे, कारण ती चूक एका सभासदाच्या शंभर किलो मासळीची होती.

आधी ठिकाण सांगतो. दोन्ही कॉम्प्युटर टेबलाखाली आहेत. डावीकडचा काळा तो जुना, उजवीकडचा लहान तो नवीन. आपल्यातल्या बऱ्याच जणांना टीव्हीसारखी दिसणारी स्क्रीन म्हणजेच कॉम्प्युटर वाटतो. तसं नाही. स्क्रीन फक्त दाखवते. कीबोर्ड आणि माऊस फक्त आपला हुकूम आत पोचवतात. सगळा कारभार चालतो तो खालच्या डब्यात, ज्याला आपण सीपीयू म्हणतो. होडीवाल्यांना सांगायचं तर, दोन होड्या आहेत आणि मागं लावायचं इंजिन एकच आहे. आज या होडीला लावलं, उद्या काढून त्या होडीला लावलं. होड्या दोनच्या दोन राहतात, इंजिन तेवढं फिरतं. आपल्या ऑफिसात फरक एवढाच की इंजिन काढून लावायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, एक बटण दाबायचं.

मग कॉम्प्युटर दोन कशाला, एकातच सगळं का नाही, हा पुढचा प्रश्न. तो आला नाही, पण येणार.

जुन्या कॉम्प्युटरात संस्थेचा जमाखर्च आहे. कुणी किती मासळी घातली, कुणाचं जाळ्यासाठी घेतलेलं उचल किती बाकी, कुणाची ठेव किती, मत्स्यबीज सोडायला किती खर्च झाला, सगळं त्यात. हिशेबाचा जो प्रोग्रॅम आहे तो जुना आहे आणि नवीन मशिनवर तो चालत नाही, बसवून बघितला. मराठीतली जुनी रजिस्टरं ज्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलीत, ती दुसऱ्या मशिनवर उघडली तर सगळी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. ऑडिटवाले मागची वर्षं मागतात तेव्हा हेच मशीन चालू करावं लागतं. त्याच्यावर विंडोज ७ आहे. विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला बंद झाल्या. म्हणजे त्यानंतर त्यात सापडलेलं भोक बुजवायला कुणी नाही. फाटलेलं जाळं पाण्यात टाकावं तसं ते इंटरनेटला जोडणं. म्हणून जुन्याला इंटरनेटची वायर नाही, वायफाय नाही, काहीच नाही. ते जाणूनबुजून ठेवलेलं आहे.

नवीन कॉम्प्युटर पोर्टलसाठी. केंद्राचं मत्स्यव्यवसायाचं जे पोर्टल आहे, एनएफडीपी, ते ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं. तिथं मच्छीमारांची, मासे विकणाऱ्यांची आणि संस्थांची नोंदणी होते. कर्ज, विमा, सहकारी संस्थांसाठीची मदत, याची दारं तिथूनच उघडायची आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे, त्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. पावसाळ्यात धरण भरलं की होडी घेऊन जाणाऱ्याच्या घरी या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नावात एक अक्षर इकडं तिकडं झालं, बँक खात्याचा एक आकडा चुकला, की दाव्याच्या वेळी कुटुंबाला हेलपाटे. हे काम इंटरनेटशिवाय होत नाही. आणि विंडोज १० च्या दुरुस्त्यापण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, म्हणून घेताना विंडोज ११ चाच घेतला.

तर एक मशीन इंटरनेटपासून लांब ठेवायचं आणि एक इंटरनेटवर. दोन्हींवर बसणारा माणूस मात्र एकच, आणि टेबलपण एकच, ते तुम्ही बघितलंच आहे. एका बाजूला पावती पुस्तक, दुसऱ्या बाजूला शिक्के आणि चहा. दुसरी स्क्रीन, कीबोर्ड, माऊस घेतले असते तर पाच-सहा हजारांच्या पुढं गेलं असतं, वर जागेची अडचण. त्याच्याऐवजी जी डबी घेतली तिला केव्हीएम स्विच म्हणतात. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माऊस. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर खोल्यांत हे फार वर्षांपासून आहे. तिथं पन्नास मशिनी रॅकमध्ये आणि माणसापुढं स्क्रीन एक. आपल्याला दोघांपुरती लहान डबी पुरते. वायरी आणि एक कन्व्हर्टर धरून दोन हजारांच्या आत काम झालं, बिल दप्तरात लावलंय.

जोडणी सोपी आहे. स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस या तिघांच्या वायरी डबीत येतात. डबीतून वायरींचे दोन जुडगे निघतात, एक जुन्या कॉम्प्युटरला, एक नव्याला. वरचं बटण दाबलं की तिघंही एकदम इकडून तिकडं. दिवा १ वर असेल तर जुना, २ वर असेल तर नवीन. ज्याच्याकडं दिवा नाही तोपण चालूच असतो, बंद पडत नाही. त्याचं काम त्याच्या परीनं चालू राहतं, आपल्याला फक्त ते दिसत नाही. काही डब्यांना बटणाऐवजी कीबोर्डावरची स्क्रोल लॉकची कळ दोनदा दाबली तरी चालते. आपल्या डबीला ते आहे, पण मी वापरत नाही, का ते पुढं येईल.

घेताना मी एक गोष्ट चुकलो ती सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आपली स्क्रीन जुनी, तिला निळ्या टोकाची पंधरा पिनांची वायर लागते, तिला व्हीजीए म्हणतात. नव्या कॉम्प्युटरला ते भोकच नाही, त्याला चपटं एचडीएमआय आहे. मी एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला निळं टोक असलेली साधी वायर आणली, स्वस्तात मिळाली म्हणून. लावली, स्क्रीन काळीच. कारण एचडीएमआयमधून आकड्यांच्या रूपात चित्र येतं, आणि व्हीजीएला लागतो चढ-उताराचा जुना सिग्नल. नुसती तार एकातून दुसरं करत नाही, मधे चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तेव्हा डबी घ्यायच्या आधी दोन्ही कॉम्प्युटरच्या मागचा आणि स्क्रीनच्या मागचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानात तो दाखवा. तोंडानं सांगू नका. फार जुन्या कॉम्प्युटरला कीबोर्डाचं जांभळं आणि माऊसचं हिरवं गोल टोक असतं, त्याचीपण खात्री करा. ते गोल टोक मशीन चालू असताना काढायचं-घालायचं नाही, आधी बंद करायचं.

आता ती चूक.

डबी बसवून दहा-बारा दिवस झाले होते. सकाळी मासळीचं वजन झालं, पावत्या फाडल्या, मी आत येऊन नोंद करायला बसलो. नव्या मशिनवर एका सभासदाची नोंदणी अर्धी राहिली होती, ती पुरी केली. बटण दाबलं, जुन्याची स्क्रीन आली, कर्सर वजनाच्या चौकटीत लुकलुकत होताच. मी लगेच ११२ टाइप केलं, एंटर मारला, पुढची पावती घेतली. शनिवारी हिशेब वाटायला बसलो. त्या सभासदाच्या घरच्या वहिनी आल्या होत्या. त्या बाजारात मासे घेऊन बसतात, त्यांची स्वतःची लहान वही असते. कागद बघितला आणि म्हणाल्या, "भाऊ, आमचं शंभर किलो कुठं गेलं?"

मी म्हटलं, असं कसं होईल. त्यांनी वही उघडून पुढं ठेवली. ११२ किलो, कटला आणि रोहू मिळून. माझ्या कागदावर १२ किलो. पावती पुस्तक काढलं, तिथंही ११२. माझ्याच अक्षरात. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मागं उभ्या असलेल्या चार जणांनी एकमेकांकडं बघितलं. कॉम्प्युटरनं खाल्लं म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? मी तिथंच नोंद दुरुस्त करून पूर्ण रक्कम दिली, आणि त्या रात्री पावती पुस्तक घेऊन त्या दिवसांतल्या सगळ्या नोंदी पडताळल्या. आणखी दोन ठिकाणी पहिला आकडा गेलेला सापडला. एकीकडं ३५ चे ५ झाले होते, दुसरीकडं १८ चे ८. दोघांनाही फोन करून बोलावलं.

कारण नंतर कळलं. आपण बटण दाबतो तेव्हा स्क्रीन पटकन बदलते, पण कीबोर्ड तेवढा पटकन पोचत नाही. साधी डबी एका कॉम्प्युटरपासून कीबोर्ड तोडते आणि दुसऱ्याला जोडते, जणू कुणी यूएसबीची वायर उपटून तिकडं लावली. मग तो कॉम्प्युटर विचारतो, तू कोण, कीबोर्ड सांगतो मी कीबोर्ड, मग तो त्याला कामावर घेतो. यात दोन-चार सेकंद जातात, जुन्या मशिनला जास्तच. तेवढ्यात दाबलेली कळ हवेत जाते. माझा पहिला १ तसाच गेला. डोळ्याला स्क्रीन दिसते म्हणून हात सुटतो, पण समोरचा अजून ऐकायला बसलेला नसतो.

पोर्टलवर ही चूक झाली असती तर कदाचित पकडली गेली असती, कारण बँक खात्याचा नंबर सहसा दोनदा टाकायला लावतात. आपल्या जुन्या प्रोग्रॅमला तसलं काही नाही. १२ पण वजनच, ११२ पण वजनच. त्याला काय कळणार.

यावर आता असं करतो. बटण दाबल्यावर नम लॉकची कळ दाबून बघायची. कीबोर्डाच्या कोपऱ्यात तिचा लहान दिवा असतो. तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, कॉम्प्युटर लावतो. म्हणजे कळ दाबल्यावर दिवा लागला-विझला तर कॉम्प्युटर ऐकतोय हे नक्की. दिवा हलला नाही तर थांबायचं. याचा आणखी एक फायदा, कधी कधी मशीन बदलल्यावर नम लॉक आपोआप बंद झालेला असतो आणि उजवीकडचे आकडे दाबले की आकडा पडायच्या ऐवजी कर्सरच इकडं तिकडं पळतो. तेही तिथंच कळतं. स्क्रोल लॉक दोनदा दाबून बदलणं मी बंद केलं ते यासाठीच. हात कीबोर्डावर असला की लगेच टाइप करायचा मोह होतो. बटण डबीवर आहे, तिथं हात न्यावा लागतो, मग परत आणावा लागतो, तेवढाच श्वास मिळतो.

थोडे जास्त पैसे घातले तर अशी डबी मिळते जी दोन्ही कॉम्प्युटरना कायम भासवत राहते की कीबोर्ड जोडलेलाच आहे. तिच्यात हा उशीर जवळजवळ नसतो. पुढं आपली डबी खराब झाली तर तसलीच घेऊ, मीटिंगमध्ये ठेवीन.

दुसरी भानगड, दोन्ही स्क्रीन दिसायला सारख्या. मधेच फोन आला, कुणी सही मागायला आलं, परत बसलो की आपण कुठल्या मशिनवर आहोत हेच विसरायला होतं. म्हणून जुन्याची मागची स्क्रीन पूर्ण लाल केली आणि मोठ्या अक्षरात "जमाखर्च" लिहिलं, नव्याची हिरवी करून "पोर्टल". खिडकी मोठी उघडली तरी खालची पट्टी त्याच रंगाची दिसते. चेअरमन म्हणाले, शाळेच्या पोरांसारखं केलंस की. असू दे.

आणि सकाळी मशीन चालू करतानाचा एक नियम. ज्याला चालू करायचं, डबी आधी त्याच्यावर ठेवायची. जुना कॉम्प्युटर उठतो तेव्हा कीबोर्ड शोधतो. सापडला नाही तर काही जुनी मशिनं तक्रार करून तिथंच अडून बसतात, आणि वर सांगतात अमुक कळ दाबा. कीबोर्डच नाही तर दाबणार काय! तसंच उठताना स्क्रीन सापडली नाही तर अक्षरं मोठी आणि फुगलेली येतात, कारण समोर केवढी स्क्रीन आहे हे त्याला माहीत नसतं आणि तो अंदाजानं लहान आकार धरतो. डबी त्याच्यावर ठेवून पुन्हा चालू केलं की जागेवर येतं.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुकानात, आणि आपल्याच दोन-तीन शिकलेल्या पोरांनी मला सांगितलं, काका, डबी कशाला, फुकट सॉफ्टवेअर मिळतंय. ते खरं आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये माऊस विदाउट बॉर्डर्स म्हणून आहे. त्यात एका कीबोर्ड-माऊसनं चार कॉम्प्युटरपर्यंत चालवता येतात. माऊस एका स्क्रीनच्या कडेला नेला की तो पलीकडच्या स्क्रीनवर जातो, इथली फाइल कॉपी करून तिथं चिकटवता येते. छान आहे. पण त्याला प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची स्क्रीन लागते, विंडोज १० किंवा ११ लागतं, आणि दोन्ही मशिनं एकाच नेटवर्कवर लागतात. दुसरा उपाय रिमोट डेस्कटॉप, म्हणजे नव्या मशिनच्या स्क्रीनवर जुनं मशीन खिडकीत उघडायचं. त्यालाही नेटवर्क लागतं, आणि ज्याला उघडायचं त्याच्यावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्ती चालत नाही.

म्हणजे सॉफ्टवेअरनं केलं तर दोन मशिनं एकमेकांना जोडली जातात. डबीनं केलं तर फक्त आपले हात आणि डोळे इकडून तिकडं जातात, मशिनं वेगळीच राहतात. नव्यावर उद्या ईमेलमधून व्हायरस आला तरी डबीतल्या कीबोर्डाच्या वायरीतून तो जमाखर्चात जायला वाट नाही. सभासदांची ठेव आणि मासळीचा हिशेब ज्या मशिनवर आहे, ते लांबच बरं. म्हणून मी डबीच घेतली, आणि कुणी फुकटचं सुचवलं तरी माझं मत तेच राहील.

एक वाट मात्र डबीतही असते, ती लक्षात ठेवा. काही डब्यांना बाजूला एक जादा यूएसबी भोक असतं. त्यात पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं, की पेनड्राइव्हही उचलून दुसऱ्या मशिनला लागतो. आपल्या डबीला ते आहे. मी त्यावर चिकटपट्टी लावलीय. कृपया फोटो काढायला किंवा मोबाइल चार्ज करायला कुणी ती काढू नये. जुन्याचा बॅकअप घ्यायचा पेनड्राइव्ह वेगळा आहे, तो थेट जुन्यालाच लागतो, दुसरीकडं कुठंही लागत नाही आणि कपाटात कुलपात असतो. जुन्यातली माहिती पोर्टलवर न्यायची तर कागदावर छापायची आणि बघून टाइप करायची. वेळ जातो, मान्य आहे.

भाषेचंही थोडं सांगतो, कारण आपल्या भागात त्याशिवाय पान हलत नाही. जमाखर्च मराठीत, खात्याचा पत्रव्यवहार कानडीत, पोर्टलवर नाव इंग्रजीत. कीबोर्ड एकच. लोकांना वाटतं तीन भाषांना तीन कीबोर्ड लागतात. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाची मांडणी आहे, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ठरवलेली. तिची खुबी अशी की आवाज तोच तर कळ तीच, लिपी कुठलीही असो. मासळीला कानडीत मीनु म्हणतात. सी, आर, व्ही, जी या चार कळा दाबा. भाषा मराठी ठेवली असेल तर मीनु हे मराठी अक्षरात येईल, कानडी ठेवली असेल तर त्याच चार कळांनी कानडी अक्षरात. बोटांना एकदाच शिकवायचं. कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत नुडी चालतं, त्याची कळांची मांडणी वेगळी आहे, के. पी. राव यांनी बसवलेली. त्या मांडणीची सवय असलेल्याला इनस्क्रिप्ट सुरवातीला उलटं वाटतं. पण ज्याला मराठी आणि कानडी दोन्ही रोज लिहायचंय त्यानं इनस्क्रिप्ट शिकावं, असं मी सांगीन. महिन्याभरात हात बसतो.

डबीचा इथं संबंध एवढाच: डबी कीबोर्ड नेते, भाषा नेत नाही. भाषा प्रत्येक कॉम्प्युटरची आपापली असते. नव्यावर इंग्रजीत टाइप करून बटण दाबलं आणि जुना मराठीवर असला, की नावाच्या जागी भलतंच उमटतं. नव्यावर भाषा बदलायला विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबायचा. खाली कोपऱ्यात भाषेचं लहान चिन्ह असतं, तिथं एकदा बघायची सवय ठेवा. नम लॉकचा दिवा आणि ते चिन्ह, एवढं बघूनच मी आता टाइप करतो.

घरच्यासाठी कुणाला करायचं असेल तर थोडक्यात. मुलाचा लॅपटॉप आणि घरचा जुना कॉम्प्युटर असेल तर बहुतेक वेळा डबी लागतच नाही. घरच्या टीव्हीला एचडीएमआयची दोन भोकं असली तर दोन्ही जोडा, रिमोटनं बदला. नव्या स्क्रीनलासुद्धा दोन भोकं असतात आणि खाली इनपुट बदलायचं बटण असतं. उरतो कीबोर्ड-माऊस, त्यासाठी फक्त यूएसबीची डबी मिळते, ती केव्हीएमपेक्षा स्वस्त. किंवा दोन-तीन मशिनींशी जोडता येणारा बिनतारी कीबोर्ड मिळतो, त्यावरच बदलायची कळ असते. आधी घरात काय आहे ते बघा, मग दुकानात जा. होडीमालकांपैकी ज्यांच्याकडं बर्फाचा किंवा जाळ्यांचा धंदा आहे आणि बिलाचा कॉम्प्युटर वेगळा आहे, त्यांनी मात्र आपल्यासारखी डबीच घ्यावी.

लाइटीचं विचारलं होतं एकानं. डबी स्वतः यूएसबीवरच चालते, तिला वेगळा प्लग नाही. पण दोन्ही सीपीयू एकाच यूपीएसवर असतील तर लाइट गेल्यावर बॅटरी लवकर उतरते. म्हणून काम नसेल तेव्हा एक बंद ठेवतो. लाइट गेली की आधी जुना नीट बंद करायचा, नवीन नंतर. आणि बंद करताना दिवा कुणावर आहे ते बघायचं. एकदा जुना बंद करायला गेलो आणि अर्धा भरलेला पोर्टलचा फॉर्म घालवून बसलोय.

शेवटचं काम तुमच्याकडं आहे. डबी बसवल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांतल्या सगळ्या नोंदी मी पावती पुस्तकाशी लावून बघितल्यात. पण पावती पुस्तक माझं, नोंद माझी आणि तपासणारापण मीच. तेव्हा त्या दिवसांतल्या तुमच्याकडच्या पावत्या, किंवा घरच्या वहीतलं टिपण, येत्या शनिवारी हिशेबाच्या वेळी घेऊन या. सकाळी दहापासून बसतो. लाल स्क्रीन लावून तुमच्यासमोर एक एक नोंद काढून दाखवीन, आणि ज्याला डबी बघायची त्याला टेबलाखाली वाकून दोन्ही कॉम्प्युटर बघता येतील.

आपला,
सचिव